नागली की नाचणी?

"सर, पेपर तयार आहे. फक्त तो दुसऱ्या कुणी वाचला तर चालेल का?"

चर्चासत्रांचे दिवस आले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे हमखास ऐकू येतं. या वेळी समोर पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका होत्या. नाव नको, मुलं म्हणतात तसं बाईच म्हणू. भाषा आणि साक्षरता शिक्षणावरच्या चर्चासत्रात त्यांचा निबंध स्वीकारला गेला होता. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी पहिली-दुसरीची मुलं मराठी वाचताना कुठे अडखळतात, हा विषय. बाईंची घरची बोलीही कोकणाच.

"न आणि ण माझ्या तोंडी उलटसुलट होतात. हसतील सगळे."

"हसले तर?"

"मग मी कसली मराठीची शिक्षिका?"

बाई घाबरत होत्या त्या हसण्याला नाही, तर त्या हसण्यावरून स्वतःच काढलेल्या निष्कर्षाला. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला समजच जास्त त्रास देतो असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं मी जाणारा. एलिसला तरुणपणी भाषणाची भयंकर भीती होती. एकोणिसाव्या वर्षी तो मुद्दाम पुन्हापुन्हा बोलत राहिला आणि ती गेली. पण हे सांगून बाईंवर ढिम्म परिणाम झाला नाही! दोन भेटी अशाच गेल्या.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "पेपर राहू द्या, मुलांचं सांगा."

बाई खुलल्या. एका मुलीनं 'नाचणी' हा छापील शब्द 'नागली' असा वाचला होता.

"मग चूक दिलीत?"

"छे! अक्षरं सुटली, पण अर्थ तिनं बरोबर पकडला ना. घरी नागलीच म्हणतात. अशी चूक म्हणजे तर आमचा पुरावा."

"आणि तुमच्या तोंडून 'ण' सुटला तर?"

बाई गप्प. खाली रिक्षा वाजत होत्या. मग स्वतःशीच हसल्या. "मुलीला वेगळा न्याय, मला वेगळा."

इतक्या वर्षांत मी एवढंच शिकलोय, की पटणारा युक्तिवाद बहुधा समोरच्याच्याच कामात दडलेला असतो. आपण तो फक्त त्याच्या हातात द्यायचा. (त्या दिवशी मला तो वेळेवर सापडला, याचं थोडं कौतुक मी करून घेतो.)

पुढचं साधं होतं. तुमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत आधी एकदा वाचून बघा, मधे मुद्दाम थांबा. सुरुवातीची चार वाक्यं पाठ हवीत, बाकी मुद्द्यांवरून बोला. 'चुकता कामा नये' ऐवजी 'चुकलं नाही तर बरं' असं मनाला सांगा. उत्तर येत नसेल तर 'हे मी तपासलेलं नाही' म्हणा, संशोधकाला ते शोभतं. आणि थरथर पूर्ण जाण्याची वाट बघू नका, ती सोबत घेऊनच उभं राहा.

चर्चासत्राच्या संध्याकाळी फोन आला.

"सर, अध्यक्षांनी विचारलं, नागली म्हणजे काय? मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतले सुरगाण्याचे गुरुजी ओरडले, नाचणी!"

"आणि न-ण?"

"दोनदा चुकला बहुतेक. मोजायचं राहून गेलं."