नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र होता हे कशावरून?

आपला प्रश्न असा आहे की, खंबातच्या आखातापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत असलेल्या मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील बाघ परिसरात समुद्र होता हे कशावरून ठरवतात, कारण शिंपले नदीतही असतात. शंका रास्त आहे. नुसत्या शिंपल्यावरून समुद्र सिद्ध होत नाही. कालवे (ऑयस्टर) हे शिंपले तर खाडीच्या मचूळ पाण्यातही वाढतात.

म्हणून मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो तो सागरी अर्चिनांचा, म्हणजे काटेरी, गोलसर कवचाच्या समुद्री प्राण्यांचा. हे प्राणी ज्या कंटकचर्मी गटातले आहेत, त्या गटाची एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही, आणि बाघच्या चुनखडकांत त्यांची कवचे अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी), ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे इवले जलचर) आणि शार्कचे दात यांच्यासोबत सापडतात. अमोनाइटांच्या जातींवरून या थरांचा काळ क्रिटेशियस या भूशास्त्रीय कालखंडाचा उत्तरार्ध, म्हणजे ढोबळमानाने नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो.

जीवाश्मांइतकाच थरांचा क्रमही बोलका आहे. तळाशी निमाड वालुकाश्म आहे. त्याच्या खालच्या भागात नद्यांनी आणलेले गोटे व वाळू, तर वरच्या भागात कालवांचे थर दिसतात, म्हणजे पाणी हळूहळू खारट होत गेले. त्यावर गाठाळ चुनखडक येतो, ज्यात तळाच्या चिखलात राहणाऱ्या प्राण्यांची फांद्या फुटलेली बिळे आहेत. त्याच्याही वरच्या चुनखडकात मोडक्या कवचांचे तिरके थर आहेत. उथळ पाण्यात जोरदार प्रवाहांनी तुकडे वाहून रचल्याशिवाय अशी रचना होत नाही. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये या खडकांचे सविस्तर वर्णन केले होते. कोणताही जीवाश्म थरातून उपटून घरी नेला की हा क्रम तुटतो आणि त्याची साक्ष निरुपयोगी होते, म्हणून तेथे गेलात तर कृपया काहीही उचलू नका.

मात्र यावरून सगळा मध्य भारत पाण्याखाली होता असे समजू नये. त्या काळी जगभर समुद्राची पातळी उंच होती आणि नर्मदेची खचदरी सखल होती, त्यामुळे पश्चिमेकडून समुद्राचा एक चिंचोळा फाटा आत शिरला. तो ओसरल्यावर साचलेल्या, लॅमेटा नावाच्या खडकथरांत त्याच जिल्ह्यात डायनोसॉरची अंडी सापडतात, म्हणजे तोवर तेथे पुन्हा जमीन झाली होती. आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, ज्यांपासून आपला सह्याद्री घडला त्याच दक्खनच्या लाव्हांनी हे सर्व थर झाकून टाकले.