‘मला कुठं दुखायलंय’ म्हणणारा पाय

पत्र असं आलंय:

“मावशी, नमस्कार. मी परळीची, वय ४४. श्रावणात वैजनाथाच्या पायऱ्यांवर आमच्या ह्यांचा पाय मुरगळला, उजव्या पायाचं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं, डॉक्टरनं कागदावर जोन्स फ्रॅक्चर लिहिलंय. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणले हळूहळू वजन टाका अन् महिन्यानं एक्सरे काढून दाखवा. तर पुण्याच्या पोरानं त्याच्या फ्लॅटमधलं रोइंग मशीन, ते बसून नाव वल्हवल्यासारखं ओढायचं, ट्रॅव्हल्सवर टाकून पाठवून दिलं, तेव्हापासून हे रोज सकाळी पंचवीस मिनिटं त्याच्यावर बसायलेत. मी म्हणते आराम करा, हे म्हणतेत बसून करायचा व्यायाम आहे, पायावर वजन येतंच कुठं. पोरगं पण बापाचीच बाजू घेतंय. बैठकीत पाहुण्याला बसायला जागा राहिली नाही. सूज अजून उतरली नाही, मी रोज रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकायला देते, तेवढ्यापुरती मी चांगली. परवा तर पांढऱ्या सॉक्सला रक्ताचा डाग, घासत बसा मीच, अन् हे म्हणतेत कुठं लागलंय, मला तर काही दुखंना. शुगरची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे, त्याचा काही त्रास नाही. चार दिवस झाले मी बोलणंच सोडलंय. आता तुम्हीच सांगा चूक कुणाची.”

बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मशीनचं भांडण वाचलं, दुसऱ्यांदा त्या सॉक्सपाशी अडकले, अन् तिसऱ्यांदा दुसरं काही वाचवेनाच. तू ते वाक्य धुण्याची तक्रार म्हणून लिहिलंयस. अगं, माणसाच्या पायातून रक्त आलं, सॉक्स भिजला, अन् त्या माणसाला ते बायकोनं सांगेपर्यंत कळलं नाही, अन् वरून तो म्हणतोय काही दुखंना, आणि पुढच्याच ओळीत तू लिहितेस शुगर आठ वर्षांपासून आहे पण त्याचा काही त्रास नाही. हाच त्रास आहे. हा असाच असतो, न दुखणारा.

मशीनचं आधी उरकून टाकते, म्हणजे ते मधे मधे येणार नाही. त्या बाबतीत तुझं बरोबर आहे. रोइंग बसून करतात म्हणून ते हाताचं काम वाटतं, पण निम्म्याहून जास्त जोर पायाचा असतो. सीट मागे सरकते ती पायानं फळी ढकलल्यावरच, अन् माणूस पुढे आला, गुडघे दुमडले की टाच उचलली जाते आणि सगळा दाब चवड्यावर येतो, त्यात पट्टा आवळलेला असतो तोही बरोबर त्याच हाडांच्या वरून. मिनिटाला वीस ओढी धरल्या तर पंचवीस मिनिटांत पाचशे वेळा ढकललं, रोज. आणि हे हाड लवकर न जुळणारं आहे. ज्यांच्या नावानं ते ओळखतात त्या लिव्हरपूलच्या सर्जन रॉबर्ट जोन्सचं स्वतःचंच हे हाड नाचताना मोडलं होतं, १९०२ साली त्यांनी त्यावर लिहून ठेवलं, म्हणजे गाडीखाली यावं लागत नाही, नुसता पाय वाकडा पडला तरी मोडतं, पण त्या जागेला रक्त कमी पोचतं म्हणून जुळायला वेळ खातं, त्यात शुगर असली तर अजून जास्त. तेव्हा नवा एक्सरे निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मशीन बंद. झालं. आता सॉक्सचं बोलू.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतकरी माणूस, आमचं गाव अंबाजोगाईपासून जवळच. शुगर होती, गोळी घ्यायचे, गोळी घेतली की काम संपलं असं त्यांनाही वाटायचं अन् आम्हालाही. एकदा बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार पायात गेला. तीन दिवस अण्णा तो काटा पायात घेऊन शेतात जाऊन येत होते. लंगडले नाहीत, बोलले नाहीत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. आईला मात्र वाकळीवर पिवळा डाग दिसला होता. पहिल्या दिवशी तिनं तेवढं धुऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पण धुतलं. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा ती बोलली. दवाखान्यात डॉक्टरनं चिमट्यानं काटा ओढला, बाभळीचा काटा केवढा असतो तुला सांगायला नको, अन् अण्णा खिडकीकडं बघत होते, म्हणले, काढला का? मी त्यांचा हात धरून उभी होते, हात जरा सुद्धा हालला नाही. आधी दोन बोटं गेली, दीड महिन्यानं अर्धा पाऊल.

आईला मी नंतर विचारलं, तू का नाही बोललीस पहिल्याच दिवशी. ती म्हणली, मला वाटलं दुखलं असतं तर बोलले असते की.

तुझ्यावर मी चिडले ते एवढ्यासाठीच. डाग त्यांना दिसला नाही, तुला दिसला. ते जखम बघायला गेले नाहीत कारण त्यांच्या पायानं त्यांना काही कळवलंच नाही, पण तुझे डोळे तर चांगले आहेत ना, मग तू त्या दिवशी पाय उलटा करून बघितलास का? पत्रात तर तसं कुठं नाही. सॉक्स घासलास आणि बोलणं सोडलंस. आता अबोला धरायचे दिवस नाहीत हे.

काय होतं ते नीट समजून घे. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होत जातात, अन् अंगातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी ती बधिरता वर सरकते. इतकी हळू की माणसाला फरकच जाणवत नाही. मग चपलेतला खडा कळत नाही, मशीनचा पट्टा सालटं काढतो ते कळत नाही, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर बाकीचे टणाटण उड्या मारत पळतात अन् हा माणूस शांतपणे प्रदक्षिणा घालतो, आपल्याला कौतुक वाटतं.

आणि तुझं ते गरम पाणी. मला माहितेय तू मायेनं देतेस, रागावलेली असताना सुद्धा रोज देतेस, पण आजपासून बंद कर. ज्या पायाला चटका कळत नाही तो पाय त्यात तसाच ठेवून ते मोबाइल बघत बसतील आणि फोड आलेला सकाळी दिसेल. शेक नको, मिठाचं पाणी नको, गरम पाण्याची पिशवी तर नकोच नको.

आता आज रात्री काय करायचं ते सांगते, अन् हे तुलाच करायचंय, पोराला फोनवर नाही, मोठ्या जावेला विचारून नाही. जेवणं झाली की त्यांना कॉटवर आडवं व्हायला सांग, दोन्ही पायातलं काढ, डोळे मिटायला सांग. मग तुझ्या बोटाच्या टोकानं त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला हलकेच हात लाव, दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, एखाद दोन सेकंद नुसता स्पर्श, अन् त्यांनी सांगायचं उजवा का डावा. तसंच मधल्या बोटाला, तसंच करंगळीला. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. कळलं नाही तर परत परत लावत बसू नको, नाही कळलं ते नाही कळलं. सहापैकी दोन किंवा जास्त हुकले तर पाय बधिर झालाय असं समज. ही काही माझी घरची युक्ती नाही, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या दवाखान्यातून निघालेली तपासणी आहे ही, इप्सविच टच टेस्ट म्हणतात, घरच्या माणसांना करता यावी अशीच आहे.

चार दिवस तू त्या माणसाशी बोलली नाहीस, तर बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, डोळे मिटा एवढंच म्हण.

मग बॅटरी घेऊन तळपाय, बोटांच्या मधल्या खाचा, टाचेच्या कडा सगळं बघ. आणि हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून बघ. मोडलेला पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का, लाल दिसतोय का? नऊ आठवडे होऊन गेले तरी सूज आहे म्हणतेस, ती प्लास्टर निघाल्यावर राहते ती साधी सूज असू शकते, पण बधिर पायाला मार लागला की कधी कधी एक वेगळंच दुखणं होतं, शार्को फूट म्हणतात, १८६८ मध्ये शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं असले सांधे पहिल्यांदा नीट मांडले, तेव्हा ते दुसऱ्या रोगात दिसायचे, आता जास्त करून शुगरवाल्यांत दिसतात. पाय गरम होतो, सुजतो, पण त्या मानानं दुखत नाही, आतली हाडं कमजोर होत जातात, अन् माणूस दुखत नाही म्हणून चालतच राहतो, मग पायाची कमान खचते आणि पावलाचा आकारच बदलून जातो. वेळेत धरलं तर खास प्लास्टर घालून पायावरचा भार काढतात. त्यांना तेच झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण गरम लागला तर तो पाय जमिनीला टेकवू देऊ नको, संडासला जायला सुद्धा वॉकर घ्यायला लाव.

आणि उद्या सकाळी अंबाजोगाई. महिना व्हायला अजून आठवडा आहे, पोरगं दिवाळीला येणारच आहे, फराळाचं व्हायचंय, यातलं एकही कारण मला ऐकायचं नाही. परळीतनं पाऊण एक तासाचा रस्ता आहे, तुमचे हाडाचे डॉक्टर असतील त्यांच्याकडे जा नाहीतर सरळ स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्यात जा, पण जखम दाखवा, एक्सरे काढा, तीन महिन्यांची शुगर बघा आणि तोंडानं मागून घ्या की पायाची नायलॉनच्या दोऱ्याची तपासणी करा. बारीक दोरा असतो, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा, तो तळपायाला ठिकठिकाणी टेकवून विचारतात कळतंय का. पाच मिनिटांचं काम आहे. सहाच्या सहा स्पर्श त्यांना बरोबर ओळखता आले तरी जायचंच आहे, कारण रक्त कुठून आलं ते अजून कुणी बघितलेलं नाही.

त्यांना नेताना मी म्हणत नव्हते का असं म्हणू नको. ते मशीनवर बसतात ते तुला चिडवायला नाही बसत गं, पन्नाशीच्या आसपासचा माणूस सहा आठवडे खाटेवर पडून होता, शुगर वाढली असंल, पोट सुटलं असंल, पोरानं कौतुकानं मशीन पाठवलं, त्यांना वाटलं आपण परत उभं राहायलो. ती इच्छा राहू दे. शुगरवाल्याला व्यायाम लागतोच, म्हणून मशीन विकायच्या गोष्टी पण करू नको, बैठकीतली जागा थोडे दिवस गेली तर जाऊ दे. डॉक्टरनाच विचारा की चांगला पाय फळीवर अन् दुखरा पाय बाजूला स्टुलावर ठेवून हळू ओढलं तर चालेल का, बरीच माणसं तसं करतात, ते हो म्हणले तर करतील, नाही म्हणले तर एक्सरेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत थांबतील. पण इथून पुढं मशीनवरून उतरले की पाय तू बघायचास, रोज, दोन्ही.

सॉक्स पांढरेच घेत जा. काळ्या सॉक्सवर तो डाग तुला दिसलाच नसता. आणि तो परवाचा अजून दोरीवर असंल, डाग पूर्ण निघाला नसंल, तर तो परत घासू नको, तसाच पिशवीत टाकून उद्या सोबत ने अन् डाग पायाच्या कुठल्या जागेवर येत होता ते डॉक्टरला पायाला लावून दाखव.

— मावशी