नाशिकमधल्या नासर्डीची तब्येत आपली आपण कशी तपासायची?

तुम्ही विचारलंय की सोसायटीमागून नासर्डी वाहते, तिच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत दिली तर नदीची तब्येत कळेल का. बाटलीची कळेल. पैसे घालवून बसलोय म्हणून सांगतो, आधी पायपीट करा, आणि तीही मे महिन्यात.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पावसाळ्यात मुरलेलं पाणी थोडे महिने पाझरतं, मग असे छोटे प्रवाह आटतात, डबकी तेवढी उरतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात शहरात ती खळखळताना दिसली तर हरखून जाऊ नका. बहुतेक ते आपल्याच मोऱ्यांचं पाणी. नासर्डी गोदावरीला मिळते त्या टाकळीच्या संगमापासून (समर्थ रामदासांनी तप केलं तीच टाकळी) वर सातपूरकडे टप्प्याटप्प्याने चाला. पाटीवर नदीचं नाव 'नंदिनी' असेल, पण रस्ता विचारताना नासर्डीच म्हणा. नदीत उघडणारा प्रत्येक पाइप मोबाइलच्या नकाशावर टिपा. पावसाळी गटाराचा पाइप कोरड्या दिवसांतही वाहत असेल, तर बहुतेक वर कुठेतरी ड्रेनेज त्यात जोडलेलं आहे. सकाळी धुण्याभांड्यांच्या वेळेला फेस वाढतो का तेही बघा.

किट घ्यायचंच असेल तर विरघळलेल्या ऑक्सिजनचं घ्या. यात मी सपशेल फसलो होतो. दुपारी तीनला हिरवट पाण्यात मोजलं, लिटरला ९ मिलिग्रॅम आलं, पेढे वाटायचेच बाकी होते! नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथे २५ अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जेमतेम पावणेआठ मावतो. वरचा सगळा शेवाळाने उन्हात सोडलेला, आणि रात्री तेच शेवाळ तो संपवतं. पुढच्या खेपेला त्याच जागी पहाटे साडेपाचला गेलो. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरली, किटमधले दोन द्रव टाकले. ऑक्सिजन भरपूर असता तर तपकिरी गाळ धरला असता. इथे पांढुरकाच खाली बसायला लागला, आकडा आला दीड. आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ लागतो. म्हणून मोजायचं ते पहाटेच.

आकड्यांपेक्षा माझा भरवसा दगडांवर जास्त. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला, पांढऱ्या ताटलीत खळबळून घ्या. शहरातल्या दगडाखाली नुसत्या लालभडक अळ्या वळवळताना दिसतील. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जवळपास ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही त्या तगतात. पावसाळा सरता सरता शहराबाहेर डोंगराकडच्या ओढ्यावर हाच खेळ करा. दगडाला चिकटलेली, शेपटाला तीन केस असलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं सापडली, तर ते पाणी अजून जिवंत आहे. शेकाट्यांचा थवा बघून 'पक्षी आलेत म्हणजे नदी सुधारली' म्हणणारे भेटतील. शेकाटे सांडपाण्यातल्या अळ्यांवरही मजेत जगतात. (पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे हवेतच. पायाला जखम असेल तर उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसच्या आजाराची भीती असते.)

पाणलोटाचं म्हणाल तर उंचीच्या रेषा असलेला नकाशा घ्या आणि कुठकुठल्या उतारांवरचं पाणी नासर्डीत उतरतं ती हद्द आखा. आत छपरं, डांबर, काँक्रीट किती ते बघा. साधारण १० टक्क्यांच्या पुढे जमीन अशी झाकली गेली की ओढ्यातले नाजूक जीव कमी व्हायला लागतात. सातपूर-अंबडचे कारखाने, सिडकोची दाट वस्ती आठवा, वेगळं सांगायला नको. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला पुलावर उभे राहा. पाणी किती मिनिटांत चढतं, सर थांबल्यावर किती वेळात उतरतं, आणि त्या पहिल्या लोंढ्यावर तेलाचा तवंग येतो का, हे लिहून ठेवा.

एवढं झालं की मग बाटली. एक नाही, दोन: संशयित पाइपाच्या थोडी वर एक, थोडी खाली दुसरी. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते) आणि विष्ठेतले जिवाणू, एवढ्याच दोन चाचण्या सांगा. लॅबवाला वीस चाचण्यांचं पॅकेज गळ्यात मारेल, ते घेऊ नका.