डोंगरउतारावरचे घर : आधी माणसे जागेवर जमवा

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. मेढ्याच्या पुढे डोंगरउतारावर आमची वडिलोपार्जित जमीन असून तिच्यातील सुमारे १५ गुंठे जागा आम्ही घरासाठी बिगरशेती करून घेतली आहे. आई, आम्ही दोघे, पुण्यात नोकरी करणारा धाकटा भाऊ, भावजय आणि दोन्ही घरची मुले अशा सर्वांना एकत्र राहता येईल असे घर बांधण्याचा विचार आहे. मुलांनी ‘माउंटन मॉडर्न’ शैलीतील परदेशी घरांची छायाचित्रे दाखविली आणि मोठ्या काचा, दगडी भिंती, उतरते छप्पर, उघडे लाकूड हे रूप सर्वांनाच आवडले. पुण्याच्या आर्किटेक्टनी तशी संगणकचित्रेही करून पाठविली. साताऱ्याचा ठेकेदार मात्र ‘हे तिथे टिकायचे नाही’ असे म्हणतो आणि वर चौरस फुटाचा ठोक दरही सांगतो. इंटिरियरवाले म्हणतात, सांगाडा उभा राहिला की बोलवा. आम्ही कोणाचे ऐकावे? की सगळे काम एकाच कंपनीला ‘टर्न-की’ देऊन मोकळे व्हावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात तीन जाणकारांची तीन मते आहेत, परंतु हे तिघे एकदा तरी एकत्र जागेवर गेल्याचा उल्लेख कोठेही नाही. अडचण तेथेच आहे. ठेकेदाराला त्या उतारावर जे दिसते ते चित्र काढण्यापूर्वीच आर्किटेक्टच्या कानावर जायला हवे होते. तसे झाले असते तर कोणाचे ऐकावे हा प्रश्न आपल्याला पडलाच नसता.

शैलीविषयी प्रथम थोडे लिहितो. हे रूप अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वताच्या प्रदेशात, म्हणजे कोलोरॅडो, युटा, मोंटाना अशा राज्यांत रुळलेले आहे. जमीन सपाट करीत न बसता उताराला धरून घर बसवायचे, जवळपासचा दगड आणि लाकूड वापरायचे, वळचणी लांब काढायच्या आणि समोरचा डोंगर घरात बसून दिसू द्यायचा, हा त्याचा गाभा आपल्याला मुळीच परका नाही. फरक असा की, तेथील छपराचा हिशेब बर्फाच्या वजनावर चालतो, तर आपला पावसाच्या प्रमाणावर आणि दिशेवर. सातारा शहरात वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. आपल्या मेढ्याच्या जावळी तालुक्यात जसजसे पश्चिमेला सरकावे तसतसा तो वाढतच जातो. त्यातच नैर्ऋत्येचा वारा आणि सह्याद्रीचे उत्तम दृश्य ही दोन्ही बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात, त्यामुळे जिकडे काच हवी तिकडूनच झड येते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. जावळीतल्याच एका कामात मी पश्चिमेच्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत काच दाखविली होती. लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करण्याच्या दिवशी चुन्याच्या फक्कीच्या रेषेवर उभा राहून गावचा गवंडी म्हणाला, “साहेब, हितं पाऊस खालनं वर येतोय. काचंच्या बुडाला पाण्याला वाट कुठंय?” कड्यावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर पाणीही वर चढते, ही गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होती. मी काचेचा वरचा सांधा तीन वेळा तपासला होता, खालचा मात्र एकदाही नाही. मग आम्ही ती काच चार फूट आत घेतली, पुढे पडवी काढली, उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला आणि चौकटीखाली पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची पट्टी बसविली. डोंगर पूर्वीइतकाच दिसतो आणि पडवीत आता पावसाळाभर खुर्च्या मांडलेल्या असतात. आपला ठेकेदार ‘टिकायचे नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याला एवढेच विचारावे की, नेमका कोणता सांधा टिकणार नाही. त्याला बोट ठेवून दाखविता आले, तर तो माणूस आपल्या उपयोगाचा आहे.

यानंतर जमिनीचा विचार. जागेचा कंटूर सर्व्हे, म्हणजे चढउताराची मोजणी झाल्यावाचून आर्किटेक्टने रेघ ओढू नये, आणि दोन-तीन चाचणी खड्डे घेतल्यावाचून स्ट्रक्चरल इंजिनियरने पाया ठरवू नये. आपल्या डोंगरमाथ्यांवर अनेक ठिकाणी जांभा दगड असतो आणि त्याच्याखाली पाणी लागताच निसरडी होणारी शेडू नावाची चिकणमाती. वरून जागा भक्कम वाटली तरी पाया नेमका कशावर टेकणार आहे हे खड्ड्यातच कळते. उतार कापून निघालेली माती पुढच्या अंगाला ढकलायची आणि त्या भरावावर दिवाणखाना उभा करायचा, हा प्रकार जेसीबी आल्यापासून फार बोकाळला आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या, तेव्हापासून तरी डोंगर कापताना हात थोडा आखडायला हवा होता. त्यापेक्षा घराचे जोते दोन-तीन टप्प्यांत घ्यावे आणि प्रत्येक टप्प्यामागच्या तालीत, म्हणजे माती अडविणाऱ्या भिंतीत, पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवून तिच्या पाठीशी दगडगोट्यांची भर घालावी. जागा बिगरशेती झाली म्हणजे सर्व झाले असेही नाही. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाची परवानगी अडते आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या २००१ साली अधिसूचित झालेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे नियम तर आणखी कडक आहेत. म्हणून कंटूरचा नकाशा हातात येताच हे तपासून घ्यावे.

स्ट्रक्चरल इंजिनियरचा आपल्या पत्रात कोठेच उल्लेख नाही, याचे मला आश्चर्य वाटले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप साताऱ्यातील कोणत्याही घराला विसरता येणार नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अशा धक्क्यात फुगून फुटतात. म्हणून चित्रातली दगडी भिंत हवीच असेल, तर ती सिमेंटच्या मसाल्यात, भिंतीच्या जाडीतून आरपार जाणारे दगड ठरावीक अंतरावर घालून आणि जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांचा माथा) व छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे देऊन बांधावी. किंवा सांगाडा आरसीसीचा ठेवून दगड केवळ बाहेरून लावावा. चित्रात दिवाणखान्यातून वर गेलेली दगडी चिमणीही असेल. ती वर्षातून चार रात्री पेटेल आणि उरलेले दिवस पारव्यांना आंदण जाईल, तेव्हा तेवढी वगळावी.

इंटिरियरवाल्यांचे ‘नंतर बोलवा’ हे म्हणणे आपण मुळीच मान्य करू नये. पाणी, वीज आणि लाकूडकाम यांच्या जागा स्लॅब पडण्याआधी ठरल्या नाहीत, तर पुढे नव्या भिंती फोडाव्या लागतात. लोखंडाचे व पत्र्याचे काम करणाऱ्या फॅब्रिकेटरचेही तसेच आहे. माझ्याच एका जुन्या कामात दोन छपरांच्या सांध्यातली पन्हळ मी कागदावर एका रेघेत दाखवून मोकळा झालो होतो आणि फॅब्रिकेटर आला तो सांगाडा पूर्ण झाल्यावर. उरलेल्या जागेत त्याला जेमतेम सहा इंच रुंदीची पन्हळ बसविता आली. पहिल्याच आषाढात ती जांभळीच्या पानांनी तुंबली आणि पाणी थेट जेवणाच्या टेबलावर उतरले. त्या घरमालकीणबाई अजूनही मला चहा त्याच टेबलावर देतात.

कुटुंबातील मंडळीही या चमूतच धरावीत, मात्र बाहेरच्यांशी बोलणारा एकच असावा. भाऊ पुण्याहून आर्किटेक्टला फोन करतो आणि आपण साताऱ्यात ठेकेदाराला काही निराळेच सांगता, असे झाले की दोघेही आपापल्या सोयीचे तेवढे ऐकतात. ठरलेली प्रत्येक गोष्ट एका वहीत तारखेनिशी लिहावी आणि तिच्याखाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आराखडा कागदावर पक्का करण्याआधी तो फक्कीने जमिनीवर पूर्ण मापात आखावा आणि मातोश्रींना खुर्ची देऊन एकेका खोलीत बसवावे. त्यांची खोली, न्हाणीघर, देवघर आणि स्वयंपाकघर ही एकाच पातळीवर येतात किंवा नाही, हे त्या पाच मिनिटांत सांगतील. संगणकचित्रात दोन पायऱ्यांचा उंचसखलपणा शोभिवंत दिसतो, परंतु तो रोज चढायचा असतो त्यांच्या गुडघ्यांना.

आता पैशाविषयी. उताराच्या जागेवर चौरस फुटाचा ठोक दर मला पटत नाही, कारण जोत्याखाली किती काम जाणार हे तो दर सांगणाऱ्यालाही माहीत नसते. खोदाई, तालीचे बांधकाम, काँक्रीट, सळई, छप्पर अशा प्रत्येक कामाचे परिमाण आणि दर निरनिराळे मागावेत. त्याआधी त्याच ठेकेदाराला आराखड्याच्या बैठकांसाठी वेगळे मानधन द्यावे. त्याचा सल्ला फुकट घेतला, तर तो पुढे दरात वसूल होतोच. ‘टर्न-की’ला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र काम करणारा आणि ते तपासणारा हे दोघेही एकाच कंपनीचे पगारदार असतील, तर चूक आपल्याला कोण सांगणार? म्हणून तसा करार केलाच, तरी स्ट्रक्चरल इंजिनियर आपण स्वतः नेमावा, आणि पाच टक्के रक्कम घराने एक पावसाळा पाहीपर्यंत हाती ठेवावी.

वेळापत्रक मृग नक्षत्रापासून उलटे मोजावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात छप्पर पुरे व्हायचे, तर पाया दिवाळीच्या सुमारास सुरू झाला पाहिजे आणि आराखडा त्याआधीच्या पावसाळ्यात ठरला पाहिजे. तेव्हा येत्या जुलैत धो धो पाऊस असतानाच आर्किटेक्ट, इंजिनियर, ठेकेदार आणि गावचा एखादा जुना गवंडी यांना एकत्र जागेवर न्यावे. पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठून उतरते हे सर्वांनी एकाच वेळी पाहावे. चित्रे त्या दिवशी गाडीतच ठेवावीत.

प्रश्न : शिराळा तालुक्यात चांदोलीच्या बाजूला डोंगरावर घर बांधायचे आहे. सांगलीतील आमचा नेहमीचा ठेकेदार अत्यंत विश्वासू आहे. त्यालाच तिकडे न्यावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अवश्य न्यावे, पण एकटा नेऊ नये. सांगलीच्या काळ्या जमिनीत काम केलेल्या माणसाचा हात मुरूम लागेपर्यंत खोल खणण्याला सरावलेला असतो. उतारावर मात्र खोलीपेक्षा वरून येणारे पाणी वळविणे अधिक महत्त्वाचे ठरते. ताल आणि छप्पर यांसाठी शिराळ्याकडचेच गवंडी व सुतार घ्यावेत, आणि त्यांची नावे व मजुरी करारातच लिहून घ्यावी. एरवी आपला ठेकेदार महिन्याभरात सवयीचीच माणसे सांगलीहून भरून आणील आणि त्यांच्या मुक्कामाचा खर्च आपल्या बिलात येईल.