मुलगी सोबत नसताना रेल्वेने फ्रँकफर्ट विमानतळ

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, वय 61. मुलीच्या बाळंतपणासाठी स्टुटगार्टला जाते आहे. जाताना जावई विमानतळावर घ्यायला येतील. परतीच्या दिवशी मात्र त्यांना कामावर जायचं आहे आणि मुलगी तान्ह्या बाळाला सोडून येऊ शकणार नाही. फ्रँकफर्टच्या विमानतळापर्यंत मला एकटीलाच रेल्वेने जावं लागेल. विमान दुपारी दीडला आहे. दोन मोठ्या बॅगा, दुखरे गुडघे, जर्मन अजिबात नाही, इंग्रजी कामापुरतं. जमेल का, की सरळ टॅक्सी करू?

उत्तर: जमेल, ताई. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, टॅक्सीला फार पैसे पडतील. थेट आयसीई गाडी (जर्मनीतली लांब पल्ल्याची वेगवान गाडी) साधारण सव्वा तासात नेते, आणि विमानतळाच्या आवारातच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक आहे. माझी धाकटी बहीण तिकडे माइंत्सला राहते. तिच्याकडे जाता-येताना हे स्थानक माझ्या चांगलं ओळखीचं झालं आहे, आणि एकटीने निघालेल्या बाईला तिथे भीती वाटावी असं काही नाही. काळजी घ्यायची ती गाडीच्या उशिराची.

आपल्याकडे अजूनही कुणीतरी सांगतं की जर्मन गाडीवर घड्याळ लावावं. तसं आता राहिलेलं नाही. 2024 साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे वेळेवर धरतात, आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात येतच नाहीत. ठाण्याला एक लोकल चुकली तर पाचव्या मिनिटाला दुसरी येते, तशी सोय आयसीईला नाही. म्हणून तुम्हाला एवढंच आवर्जून सांगते: जिच्यानंतरची गाडीसुद्धा तुम्हाला साडेदहापर्यंत पोचवेल, अशी गाडी निवडा. तुमची गाडी रद्द झाली तरी विमानाला तीन तास हातात राहतात. गाडी वेळेवर पोचली, तर विमानतळावर तास-दीड तास जास्त बसावं लागेल, इतकंच. बाळाचं घर आहे, पहाटे सगळे जागेच असतील.

गाडी थेट विमानतळाची आहे ना, हे मुलीकडून तपासून घ्या. स्टुटगार्टहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शहराच्या मुख्य स्थानकात जातात, विमानतळावर थांबत नाहीत. चुकून तशा गाडीत बसलात तर घाबरू नका. मुख्य स्थानकाच्या तळघरातल्या फलाटांवरून एस 8 किंवा एस 9 ही वीसबाडेनच्या दिशेची लोकल पकडायची, बारा-तेरा मिनिटांत विमानतळ येतो. ही लोकल विमानतळाच्या दुसऱ्या, जुन्या स्थानकात थांबते. ते टर्मिनल 1 च्या खालीच आहे.

तिकिटाचं जरा बारकाईने सांगते, कारण पैसे वाया जातात ते इथेच. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं. महाग तिकिटावर त्या दिवशी त्या मार्गाची कुठलीही गाडी घेता येते. पण स्वस्त तिकिटाच्या गाडीला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. तेव्हा लवकरची गाडी आणि स्वस्त तिकीट, हेच तुम्हाला योग्य. गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, दोन तास उशीर झाला तर निम्मा. चुकलेल्या विमानाचे पैसे मात्र रेल्वे देत नाही.

विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो जास्त पसंत आहे. लुफ्तान्साच्या तिकिटातच स्टुटगार्ट ते फ्रँकफर्ट विमानतळ हा रेल्वेचा टप्पा विमानासारखा क्रमांक लावून घेता येतो. मग गाडीच्या उशिरामुळे विमान चुकलं तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी त्यांची. थोडे जास्त पैसे पडले तरी एकटीने प्रवास करणाऱ्या आईसाठी ते द्यावेत.

तिकिटात बसायची जागा धरलेली नसते. ती थोडे युरो देऊन वेगळी राखून ठेवावी लागते. तुम्ही ती राखाच, आणि सामानाच्या मांडणीजवळची मागा. हमाल मिळणार नाहीत, फलाटावर जाताना तिकीट कुणी तपासणार नाही, तपासनीस गाडीतच येतो. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुमचा डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते पाटीवर दिसतं. ती पाटी गाडी येईपर्यंत पाहत राहा, कारण डब्यांचा क्रम कधी कधी ऐनवेळी उलटा होतो. दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर एकीतून दुसरीत आतून जाता येत नाही, म्हणून डब्याचा क्रमांक बघूनच चढा. स्टुटगार्ट स्थानकात कित्येक वर्षं मोठं बांधकाम चालू आहे, फलाट गाठायला बरंच चालावं लागतं. जावयांना सांगा, कामावर जायच्या आधी तुम्हाला गाडीत बसवूनच जा. तेवढं ते नक्की करतील.

वाटेतलं मानहाइम स्थानक सुटलं की साधारण अर्धा तास राहतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं बॅगा दाराजवळ घेऊन उभं राहायला ठेवा. उतरल्यावर लिफ्टने वर या आणि टर्मिनल 1 च्या पाट्यांमागे चाला. रस्त्यावरून जाणारा बंदिस्त पूल ओलांडला की टर्मिनल आलं. बॅगांसाठी ढकलगाडी घ्या. दुसरं टर्मिनल असेल तर पुढे छोटी गाडी आहे, फुकट. टर्मिनल कुठलं, ते आदल्या दिवशी विमान कंपनीकडून पक्कं करा.

आता गुडघे. विमान कंपनीकडे मागितलेली व्हीलचेअर विमानतळावर मिळते, रेल्वेच्या फलाटावर नाही. गाडीत चढवायला आणि उतरवायला रेल्वेची वेगळी मदत असते आणि ती आधीच नोंदवावी लागते. मुलीने दोन्हीकडे नोंद करावी. मदत मागताना संकोच करू नका, ताई. त्या देशात म्हातारी-कोतारी माणसं एकटी प्रवास करतात ती याच सोयींवर, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मुलीला हे पत्र वाचायला द्या. जर्मन रेल्वेचं ॲप तिने तुमच्याही फोनवर घालावं. गाडीचा उशीर आणि बदललेला फलाट त्यात आधी कळतो.

प्रश्न: मुलगा म्युनिकला शिकतो. त्याला भेटून परत येताना मी लोकलने विमानतळावर जाणार आहे. त्याने सांगितलं, एस 1 किंवा एस 8, कुठलीही पकडा. खरं का? — घोडबंदर रोडवरचे एक वाचक

उत्तर: खरं आहे, दोन्हींना मुख्य स्थानकापासून चाळीसएक मिनिटं लागतात. तुम्ही एस 8 घ्या. एस 1 नॉयफार्न स्थानकात दुभंगते. अर्धे डबे विमानतळाला जातात, अर्धे फ्रायझिंगला. आपण कुठल्या अर्ध्यात बसलो आहोत हे सामान घेऊन शोधत बसायला नको.

प्रश्न: जर्मनीभर चालणाऱ्या महिन्याच्या पासावर विमानतळापर्यंत जाता येतं का? — खारघरची विद्यार्थिनी

उत्तर: एस-बान म्हणजे तिथली लोकल, तिने आणि प्रादेशिक गाड्यांनी येतं. 2023 साली 49 युरोला सुरू झालेला हा पास आता महागला आहे, तरी राहणाऱ्यांना परवडतो. आयसीईत तो चालत नाही. जवळच्या गावातून निघणार असाल तर वापरा. दुसऱ्या टोकाच्या शहरातून तीन-चार गाड्या बदलत विमान गाठायचं असेल, तर त्या एका दिवसापुरतं आयसीईचं तिकीट काढा.