जुना टाटा ४०७ सेल्फवर फिरतो, पण सुरू होत नाही. बिघाड डिझेल लाइनमध्ये आहे हे कसे ओळखावे?

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे आणि दोष बहुधा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) किंवा टायमिंगमध्ये (डिझेल फवारण्याच्या वेळेत) आहे. धूर अजिबात नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. अशा वेळी इंजेक्शन पंपावरील (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरील) स्टॉप लिव्हर, म्हणजे इंजिन बंद करण्याचा दांडा, बंद स्थितीत अडकलेला नाही ना, हे आधी तपासावे, कारण केबल गंजल्यामुळे असे वरचेवर होते.

त्यानंतर फिल्टरवरील ब्लीड स्क्रू (हवा काढण्याचा स्क्रू) सैल करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हँडप्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, मारावा. फेस थांबून डिझेलची अखंड धार लागली, तर स्क्रू आवळून गाडी सुरू करून पाहावी. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी ते फीड पंप या भागात कोठेतरी हवा शिरत आहे. हा भाग डिझेल ओढून घेणारा असल्यामुळे तेथील गळती बाहेरून कोरडी दिसते, आणि म्हणूनच पुष्कळ मेकॅनिक ती सोडून थेट इंजेक्शन पंप उतरवायला निघतात, जे महागात पडते. खात्रीसाठी टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी जोडावी. गाडी सुरू झाली, तर जुना रबरी पाइप, बॅन्जोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर किंवा टाकीतील जाळी बदलावी.

धार चांगली असूनही गाडी सुरू होत नसेल, तर नोझलकडील (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडील) पाइपचा नट सैल करून सेल्फ मारावा. तेथे डिझेल उसळले नाही, तरच इंजेक्शन पंप कॅलिब्रेशनला (तपासून जुळवून घ्यायला) द्यावा. हात मात्र दूर ठेवावा, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते.