आई-बाबा उन्हात जातच नाहीत, मग घरात बसून उष्माघात होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की दोघं नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, दुपारी दाराबाहेर पडत नाहीत. तरीही होऊ शकतो. माझ्या आजीला नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, घरातच झाला. आठ दिवस तिनं उंबरा ओलांडला नव्हता. एका संध्याकाळी ती मला आत्याच्या नावानं हाक मारू लागली, अंग नुसतं भाजत होतं. आम्ही तापाची गोळी देऊन बसलो. या तापावर ती गोळी चालत नाही, हे दवाखान्यात कळलं. आजी वाचली, पण ते दोन तास मी विसरलेले नाही.

दोष स्लॅबचा असतो. दिवसभर साठलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो आणि शरीराला विसावाच मिळत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. पुढे तिथल्या एका रुग्णालयानं सर्वांत वरच्या मजल्यावरचा नवजात बाळांचा कक्ष खाली हलवला, तर उष्णतेनं आजारी पडणारी बाळं कमी झाली. २०१३ मध्ये शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला, त्यात पुढे गच्च्यांना पांढरा रंग देणंही आलं.

म्हणून आधी गच्चीला चुना मारून घ्या, मार्चमध्येच. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हं घ्यायला सांगा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

फोनवर "बरे आहात ना?" विचारू नका, आई-बाबा हो म्हणणारच. दुपारी काय जेवलात, लघवीला किती वेळा गेलात, असं विचारा. बोलणं असंबद्ध वाटलं तर लगेच १०८. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

हे सगळं करायला तुम्ही तिथं नसाल, म्हणून घराची एक किल्ली आजच शेजाऱ्यांकडे द्या.